नांगरावरून पाहिलेली राजधानी

पत्रक लिहायचा एक नियम मी कॉलेजात शिकलो. पहिल्या ओळीत शत्रू कोण ते सांगायचं आणि शेवटच्या ओळीत मागणी. मधलं कुणी वाचत नाही. या नियमानं मी होस्टेलच्या मेसवर लिहिलं, फीवाढीवर लिहिलं, आमच्या इचलकरंजीतल्या एका सूतगिरणीवर लिहिलं. कुठं अडलो नाही. चाचांवर लिहायला बसलो की पहिलीच ओळ अडते. शत्रू कोण? चाचा? मी? की पाचशे वर्षांपूर्वीचा कुणी सुलतान? चारदा लिहून खोडलं. आता नियम सोडून लिहितोय, जसं आठवेल तसं.

चाचा म्हणजे बर दुबईतल्या आमच्या फ्लॅटचे मालक. खरं तर तेही भाडेकरूच, पण फ्लॅट त्यांच्या नावावर आणि आम्ही अकरा जण त्यांच्याकडे बेडस्पेसवर, म्हणजे एकेका खाटेचं भाडं भरून. मीना बाजारच्या मागची गल्ली, तिसरा मजला. चाचा रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान, साठी ओलांडलेले. जन्मभर मालवाहू जहाजावर भंडारी होते, म्हणजे स्वयंपाकी. गुडघे गेले, जहाज सुटलं आणि चाचा इथं टिकले. खाली चौकड्याची लुंगी, वर इस्त्री केलेला पांढरा फुल शर्ट, मनगटाची बटणंसुद्धा लावलेली. चहा उभ्यानं प्यायचे, पाय फाकवून, जमीन हलत असल्यासारखे. कपाटाच्या दारांना त्यांनी रबरी पट्टे लावले होते. पेले आकड्यांना लटकवलेले. तिसऱ्या मजल्यावर!

"चाचा, इथं कसली लाट येणार?" मी एकदा विचारलं.

"लाट सांगून येते काय रे? तुला नोटीस देऊन येते?"

आणि बोलायचे एकाच गावाबद्दल. रत्नागिरी नव्हे, दुबई नव्हे. इस्तंबूल.

मी पहिल्या दिवशी बॅग घेऊन दारात उभा होतो. चाचांनी नाव विचारलं नाही, कंपनी विचारली नाही.

"कुठल्या मिल्लतीचा?"

"म्हणजे?"

"जमात रे. जेवणार कुणात? कोकणी आहेत, मल्याळी आहेत, पेशावरचे दोघे ट्रेलरवाले आहेत, शाकाहारी आहेत."

"मी कुठल्याच जमातीचा नाही. माणूस आहे."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "माणसांना शेगडी नाही. बर्नर चार आहेत. शाकाहाऱ्यांत एक जागा आहे, लिहू?"

बाहेर बेचाळीस डिग्री. माझ्या हातात पंचवीस किलोची बॅग. घरी दर रविवारी मटण खाल्लेला मी म्हणालो, "लिहा." तेव्हापासून मी त्या घरात शाकाहारी. मटण खायला करामातल्या हॉटेलात जायचो आणि बडीशेप चघळत परत यायचो. आमच्या मिल्लतीचा म्होरक्या एक गुजराती अकाउंटंट होता. तो मला पाहिलं की नाक वर करून वास घ्यायचा.

घराची घटना फ्रिजच्या दारावर होती. चाचा तिला फर्मान म्हणत. चार बर्नर, चार मिल्लती. प्रत्येकीचा एक म्होरक्या. जमातीतलं भांडण जमातीत मिटवायचं, दोन जमातींत पेटलं तरच चाचांकडे यायचं. कुणी कुणाच्या झाकणाला हात लावायचा नाही. चाचासुद्धा लावत नसत. मल्याळ्यांचा रस्सा करपून धूर निघाला तरी ते दारात उभं राहून फक्त ओरडायचे, "अरे, तुमचं राज्य जळतंय!"

"सुलतान ग्रीकाच्या पातेल्यात डोकावत नव्हता," ते सांगायचे. "आर्मेनियनाच्या नाही, यहुद्याच्या नाही. स्पेननं यहुद्यांना हाकललं तर यानं दार उघडलं. म्हटलं या, बसा, तुमचं तुम्ही शिजवा, तुमचे तंटे तुम्ही सोडवा. एका गावात किती भाषा! म्हणून चाललं ते इतकी वर्षं."

आता माझ्यासारख्या माणसानं हे ऐकून गप्प बसायचं? मी साम्राज्यांवर दोन पत्रकं लिहिलेली होती.

"आणि मुसलमान नसलेल्यांवर जादा कर होता, तो?"

"तू बेडस्पेसचं भाडं देतोस ना? मग मी काय तुझ्यावर जुलूम करतो?"

"ख्रिस्ती खेड्यांतली पोरं उचलून न्यायचे फौजेत! आईबापांपासून!"

चाचा हातातला पेला आकड्याला लावायचे. मग म्हणायचे, "ते वाईट होतं." आणि लगेच पुढं, "पण त्यांतलेच काही वजीर झाले रे."

"हे उत्तर आहे?"

"उत्तर नाही. झालं ते सांगतो."

असा माणूस. चूक कबूल करणार आणि जागचा हलणार नाही. अशा माणसाशी भांडायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी फोनवर वाचून मुद्दे गोळा करायचो आणि चाचा मला "यल्ला, बोल लीडर, आज काय आणलंस?" असं विचारायचे, मासळीबाजारातून आलेल्या माणसाला विचारावं तसं.

आता हे इस्तंबूल त्यांनी पाहिलं कसं, ते सांगतो. सगळं त्यावरच आहे.

तरुणपणी त्यांचं जहाज त्या शहरासमोर नऊ दिवस नांगरावर उभं होतं. मालाचे कागद कुठंतरी अडकले होते. ऑफिसर लोक होडीनं किनाऱ्यावर जात, फिरून येत, मिठाई आणि साबणं आणत. भंडाऱ्याला उतरायचा पास नव्हता. नऊ दिवस चाचा खाली बटाटे सोलत होते. तिथं एक गोल खिडकी होती. नांगरावरचं जहाज वाऱ्याबरोबर फिरतं, त्यामुळे खिडकीतलं दृश्य बदलत राही. "कांदा कापताना युरोप, भांडी घासताना आशिया," चाचा सांगायचे. "असा मुदपाकखाना सुलतानाला मिळाला नाही."

काम संपलं की डेकवर जायचं, खलाशांच्या सारंगाची दुर्बीण मागायची आणि पाहत बसायचं. समोर टेकडी. डाव्या हाताला सहा मिनारांची राखाडी मशीद, उजव्या हाताला तांबूस, जाडजूड, चार मिनारांची. जहाजावरचा इंजिनिअर ग्रीक होता. त्यानं सांगितलं होतं की त्यातली थोरली ती आयासोफिया. रोमन बादशहानं चर्च म्हणून बांधली, तुर्कांनी जिंकून मशीद केली, नंतर म्युझियम झालं. राज्यं बदलली, घुमट तोच राहिला. चाचांनी मिनार मोजले. सहा आणि चार. सहावाली थोरली, चारवाली धाकटी. झालं. त्या नऊ दिवसांवर त्यांनी पुढची सगळी वर्षं काढली. पाय जमिनीला लागला नाही तरी शहर पाठ. पाहुणा आला की टेबलावर मांडून दाखवत: चहाची किटली म्हणजे आयासोफिया, भोवती सहा पेले. बाजूला मिठाची बरणी आणि चार चमचे, ती धाकटी. "हिची नक्कल आहे ती. लहान भाऊ थोरल्यासारखा शर्ट घालतो ना, तसं." मग किटलीतून त्याच पाहुण्याला चहा.

घरात थोरल्याचा मान होता तो इथून आलेला. जो आधी आला त्याची पाळी आधी. किटली आधी, मिठाची बरणी मागून.

हे सगळं मी गंमत म्हणून सोडलंही असतं. पण बाल्कनी होती.

बाल्कनीला प्लायवूड लावून तिथं एक सिल्हेटकडचा बांगलादेशी माणूस राहत होता. चाळिशी उलटलेला, खालच्या पार्किंगमध्ये गाड्या धुणारा. घरात त्याला सगळे 'बाल्कनी' म्हणत. "बाल्कनी आया क्या?" "बाल्कनी का चप्पल हटाओ." त्याला बर्नर नव्हता. का? तर तो एकटा.

"एकट्याची मिल्लत होत नाही," चाचा म्हणाले. "अजून एक बंगाली आण, पाचवा बर्नर लावतो."

तोवर चाचा स्वतःच्या भांड्यातून रोज दुपारी त्याला ताट पाठवायचे. भात, मासळीचं कालवण, वर लिंबाची फोड. एक दिवस चुकलं नाही. चाचांना ताप होता त्या दिवशीही अंड्याची पोळी करून दिली. तो ताट घ्यायचा, मान हलवायचा, बाल्कनीत बसून खायचा, ताट घासून आकड्याला लावायचा.

माझं डोकं सणकलं. एक माणूस भाडं देतो आणि त्याला चहा उकळायचा हक्क नाही! दया दाखवून हक्क मारायची ही जुनी युक्ती आहे. इथं रस्त्यावर पत्रक वाटायची सोय नाही, म्हणून मी ऑफिसच्या प्रिंटरवर छापलं आणि फर्मानाच्या शेजारी फ्रिजवर चिकटवलं. ठळक अक्षरांत मथळा: "ताट नको, शेगडी हवी!" खाली चार मुद्दे. 'आमच्या एका कामगार बंधूवर होणारा अन्याय' असं लिहिलं होतं, कारण त्याचं नाव मला ठाऊक नव्हतं. हे तेव्हा मला खटकलं नाही. आता खटकतं.

चाचा फ्रिजपाशी गेले, दूध काढलं, दार लावलं. पत्रकाकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्याच आठवड्यात ईद होती. खालच्या गल्लीत एका तुर्की न्हाव्यानं दुकान उघडलं होतं. चाचा म्हणाले, "चल लीडर, त्याला विंग्रजी येतं, मला येत नाही." एका दाढीचे पंचवीस दिरहम. "म्हणजे सहाशे रुपये!" चाचा दारातच ओरडले. "सहाशेत आमच्याकडे न्हावी वर्षभर घरी येतो!" पण आत गेले, कारण समोरच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत फोटो होता. समुद्रावरून काढलेला. टेकडी, डावीकडे सहा मिनार, उजवीकडे तांबूस घुमट.

चाचा खुर्चीत बसले आणि फोटोसमोर लहान झाले. नऊ दिवस त्यांना परत मिळाले होते. न्हाव्यानं अर्ध्या गालाचा फेस काढला तेव्हा चाचांनी बोट वर केलं आणि सहा मिनारांकडे दाखवून म्हणाले, "आयासोफिया."

"नो, नो, हबीबी," न्हावी हसला. वस्तऱ्यानंच त्यानं उजवीकडे दाखवलं. "आयासोफिया ती. लाल. ही सुलतान अहमद, नंतरची. ती हिच्यापेक्षा हजार वर्षांनी थोरली."

मी भाषांतर केलं.

"त्याला सांग, त्याची चूक आहे."

मी सांगितलं. न्हावी म्हणाला, "माझं घर तिथून चालत पंधरा मिनिटांवर आहे. माझी आई तिथं भाजी घेते."

मी तेही सांगितलं. चाचा उठले. गळ्याला टॉवेल, एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस. टॉवेल खुर्चीवर ठेवला, पंचवीस दिरहम ठेवले आणि बाहेर पडले. ईदच्या गर्दीत मीना बाजारातून एक म्हातारा अर्धी दाढी घेऊन चालला होता आणि मी मागून. लिफ्टपाशी थांबून ते म्हणाले, "घरात बोलू नकोस."

"चाचा, त्यात काय—"

"बोलू नकोस, म्हटलं ना?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो. इथं राहून हा शब्द मीही शिकलो होतो. त्यात हो असतं की नाही, हे बोलणाराच ठरवतो.

पुढच्या रविवारी सकाळी मी हॉलमध्ये मीटिंग बोलावली. विषय: बाल्कनीला बर्नर. दहा जण आले. बाल्कनी नव्हता. रविवारी सगळ्या गाड्या घरी असतात, त्याचं काम त्या दिवशी जास्त. त्याची सवड विचारायची माझ्याकडून राहून गेली. ज्याच्यासाठी सभा तोच खाली बादली घेऊन, आणि वर मी त्याच्या वतीनं बोलतोय.

मी चांगला बोललो. अकाउंटंटनं विचारलं, "मग तो कुणाच्या बर्नरवर शिजवणार? आमच्यावर मासा नको." पेशावरी म्हणाला, "हमारे पे भी नहीं." मल्याळी चाचांकडे बघत. चाचा खिडकीपाशी उभे, हातात पेला.

"अजून एक बंगाली आला की पाचवी मिल्लत," चाचा म्हणाले. "तिथं असंच होतं. मी बनवलेलं नाही."

सगळे त्यांच्या बाजूला झुकताना मला दिसले. माझ्या हातून सुटत होतं. आणि माझ्याकडे एक हत्यार होतं.

"तिथं म्हणजे कुठं, चाचा?" मी म्हणालो. "ज्या शहरात तुम्ही पाऊल ठेवलं नाही तिथं? तुम्हाला त्यातली थोरली कुठली आणि धाकटी कुठली हे ठाऊक नाही. पंचवीस दिरहमच्या न्हाव्यानं तुम्हाला सांगितलं. किटली चुकीच्या जागी ठेवून तुम्ही आमच्यावर राज्य करताय!"

पेशावरी हसला. मग मल्याळ्यांतला एक हसला. त्यांना सगळं कळलं नव्हतं, पण किटली कळली होती.

चाचा फ्रिजकडे गेले. फर्मानाच्या चारही कोपऱ्यांची चिकटपट्टी नखानं नीट सोडवली. कागद घडी करून शर्टाच्या खिशात घातला.

"खलास," ते म्हणाले. "आजपासून ज्याचा हात पोचेल त्याचा बर्नर. आता मी सुलतान नाही."

मी जिंकलो होतो. मला वाटलं होतं.

पुढचे पंधरा दिवस त्या स्वयंपाकघरात जे झालं त्याला मी स्वातंत्र्य म्हणू शकत नाही, आणि दुसरा शब्द मला सापडत नाही. ज्याचा हात लवकर पोचे तो दोन-दोन बर्नर धरून बसे. पेशावऱ्यांनी सकाळी सहाला मटण चढवलं ते बाराला उतरवलं. अकाउंटंटच्या खिचडीत कुणाचा तरी चमचा गेला आणि तो दोन दिवस केळ्यांवर राहिला. झाकणांना हात लागले. रबरी पट्टा तुटला. बाल्कनी गाड्या धुऊन वर यायचा तेव्हा चारही बर्नर तापलेले असायचे. मी त्याला हाताला धरून पुढं करायचो, "यांचा नंबर आहे!" तर लोक म्हणायचे, "नंबर बंद किया ना तुमने?"

आणि ताटही बंद झालं. मी चाचांना विचारलं.

"कुठल्या हक्कानं पाठवू?" ते म्हणाले. "तूच लिहिलंस ना, ताट नको?"

म्हणजे वाचलं होतं? पण पत्रकाकडे तर त्यांनी पाहिलंच नव्हतं! मला कळेना.

बाल्कनी दुकानातली खुबूस रोटी आणि कांदा खात होता. मी त्याच्याशेजारी जाऊन बसलो आणि लढा सुरू राहील वगैरे बोलू लागलो. त्यानं हात वर केला.

"भाई, आप अच्छा आदमी है. मीटिंग करता है. लेकिन मेरा प्लेट भी गया."

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही, आणि बरं आहे.

तिसऱ्या रविवारी चाचा माझ्या बेडपाशी येऊन उभे राहिले. त्या दिवसापासून ते आपणहून माझ्याशी चकार शब्द बोलले नव्हते. दाढीची दुसरी बाजू त्यांनी ईदला घरीच उरकली होती, पण दोन गाल काही जुळले नव्हते.

"चल. अर्धी दाढी बाकी आहे."

"मी?"

"विंग्रजी तुला येतं. दगाबाज असलास तरी येतं ना?"

न्हाव्यानं ओळखलं आणि हसू दाबलं. चाचा खुर्चीत बसले, पण त्याला हात लावू दिला नाही. आधी फोटो. ते बोट दाखवत, न्हावी नाव सांगे, मी म्हणे. ही भिंत कुणाची, हा मनोरा कुणाचा, तो किनारा कुठला. शाळेत उशिरा घातलेल्या माणसासारखे चाचा प्रत्येक नाव दोनदा म्हणत होते. शेवटी तांबडा घुमट आला. ते पुष्कळ वेळ पाहत राहिले.

"याला विचार," ते म्हणाले. "राजधानीत ग्रीकांचे ग्रीक, यहुद्यांचे यहुदी. पण जो एकटा असेल, ज्याची मिल्लतच नाही, असा कुणी लांबून आला तर तो जेवायचा कुठं?"

मी विचारलं. न्हाव्यानं वस्तरा पुसत विचार केला. मग म्हणाला की त्याचे आजोबा सांगायचे, मोठ्या मशिदींना लागून मुदपाकखाने असत. प्रवासी, विद्यार्थी, गरीब, कुणीही जावं. सूप, भात, भाकरी. अजूनही त्या इमारती आहेत.

मी भाषांतर करेपर्यंत चाचा खुर्चीतून निम्मे उठले होते.

"ताट!" ते माझ्यावर बोट रोखून ओरडले. "ऐकलंस लीडर? ताटच होतं! शेगडी नव्हती! सहाशे रुपये वसूल!"

मी चिडलो. एवढं साम्राज्य, तीन खंडांवर पसरलेलं, आणि एकट्या माणसाला शेवटी ताटच! मी म्हणालो की हे तर माझ्याच बाजूचं आहे, साम्राज्य एवढंच देऊ शकतं. चाचा म्हणाले त्यांच्या बाजूचं आहे. न्हावी दोघांकडे बघत होता, हातात ब्रश.

"आणखी एक विचार," चाचा बसत म्हणाले. "तिथं शिजवायचं कोण? भंडारी कोण होता? नाव?"

न्हावी हसला. "सुलतानाचं नाव दारावर कोरलेलं आहे. बांधणाऱ्याचंही सगळ्यांना ठाऊक आहे. स्वयंपाक्याचं नाव कोण लिहून ठेवतं, हबीबी?"

मी सांगितलं.  त्यांनी डोळे मिटले आणि न्हाव्यानं दाढी पुरी केली.  परत येताना लिफ्टमध्ये म्हणाले, "मी शहर चुकलो नाही रे. नाव चुकलो." हे माझ्याशी होतं की लिफ्टशी, माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी कामावरून आलो तर फ्रिजवर फर्मान परत होतं. तोच कागद, घड्या पडलेला. तीन चौकटी जशाच्या तशा. चौथी, कोकण्यांची, खोडलेली होती. तिथं निळ्या पेननं, कष्टानं काढलेल्या देवनागरीत एक नाव होतं: शफीकुल.

जमात नाही. नाव. त्या घरात दीड वर्ष राहून त्या माणसाचं नाव मला फर्मानातून कळलं. चाचांना ते पहिल्यापासून ठाऊक असणार. माझ्या पत्रकात मात्र तो 'कामगार बंधू' होता.

फर्मानाच्या तळाशी एक ओळ नवीन होती: "थोरला भंडारी ताटावर."

मला अर्थ लागला तो पुढच्या रविवारी दुपारी. शफीकुलभाईंनी चाचांच्या बर्नरवर मोहरीच्या तेलात मासा केला होता. घरभर नाकात झोंबणारा वास. अकाउंटंट खोलीचं दार लावून बसला. शफीकुलभाईंनी ताट वाढलं, लिंबाची फोड ठेवली आणि हॉलमध्ये चाचांपुढं ठेवलं. चाचा पहिल्यांदाच मला बसून जेवताना दिसले. तीनदा शिंकले. डोळ्यांतून पाणी. "तीखा है क्या?" शफीकुलभाईंनी विचारलं. "राज्य जळतंय तुझं," चाचा म्हणाले आणि परत भात मागितला. बाकीचे दोघे कोकणी कुरकुरले, मग तेही ताटावर आले.

मी संध्याकाळी चाचांना गाठलं. "माझं म्हणणं पटलं ना? शेगडी दिलीत."

"तुझं म्हणणं कुठलं?"

"पत्रकातलं!"

"ते मी वाचलंच नाही. चष्मा नव्हता."

"पण त्या दिवशी तुम्ही म्हणालात की मी लिहिलंय ताट नको—"

"पेशावरीनं वाचून दाखवलं. त्याला मराठी येत नाही." आणि हसायला लागले.

मी आजवर हा हिशेब सोडवतोय. त्यांनी माझ्यामुळे केलं? न्हाव्यामुळे? त्या तांबड्या घुमटाची माफी म्हणून? की नऊ दिवस किनाऱ्यावर उतरू न दिलेल्या एका भंडाऱ्यासाठी? मिल्लती त्यांनी मोडल्या नाहीत. तीन तशाच ठेवल्या. माझी मागणी होती सगळ्यांना समान. ती मान्य झालीच नाही. मग मला आनंद का झाला? आणि मी त्यांचं गुपित फोडलं नसतं तर हे झालं असतं का? हो म्हटलं तर दगा योग्य ठरतो. नाही म्हटलं तर मी कशाला होतो?

गेल्या वर्षी चाचांचा व्हिसा संपला आणि ते गावी गेले. आता घर त्यांच्या पुतण्याच्या नावावर आहे. फर्मान फ्रिजवर तसंच, कुणी काढत नाही. चाचा कधीतरी व्हिडिओ कॉल करतात. मागं त्यांचा समुद्र असतो.

"लीडर, थोरली कुठली?"

"तांबडी."

"कागदावर तांबडी," ते म्हणतात. "माझ्या खिडकीतनं सहावालीच." आणि फोन बंद.

परवा रविवारी मी बेडवर बसून हेच लिहीत होतो. पहिली ओळ चौथ्यांदा खोडली होती. शफीकुलभाई ताट घेऊन आले. भात, मासा, लिंबाची फोड.

"मैं शाकाहारी हूँ, भाई," मी सवयीनं म्हणालो. "फर्मान में लिखा है."

"हाँ, लिखा है," ते म्हणाले. "करामा का मटन भी सबको मालूम है. चाचा जाते-जाते बोल के गया, लीडर को मछली देना, भूखा रहता है. खाओ."

ताट माझ्या मांडीवर ठेवून ते गेले. पत्रकाची शेवटची ओळ मागणीची असते. मी मोहरीच्या तेलानं माखलेली बोटं चाटत होतो, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मला मागायला काही सुचेना.